रुळावरचे फटाके आणि बातमीतली स्फोटके

सप्टेंबर २०२४ मधली गोष्ट. मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात, बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या सागफाटा स्थानकाजवळ रुळावर दहा ‘डेटोनेटर’ सापडले. त्याच रुळावरून लष्कराची विशेष गाडी जात होती. झाले! दोन दिवस मथळ्यांत स्फोटके आली, घातपात आला, लष्कराची गाडी उडवण्याचा कट आला.

मग रेल्वेने खुलासा केला. हे डेटोनेटर रेल्वेचेच, नेहमीच्या वापरातले आणि गाडीला काहीही इजा न करणारे आहेत. तपासात रेल्वेचाच एक कर्मचारी पकडला गेला. त्याने ते तिथे का ठेवले, हा प्रश्न गंभीरच होता. पण तोवर ‘स्फोटके’ हा शब्द घरोघरी पोहोचला होता आणि खुलासा आला तो आतल्या पानावर.

रेल्वेचा डेटोनेटर म्हणजे काय, ते आधी पाहू. बूटपॉलिशच्या लहान डबीसारखी ती एक चपटी पत्र्याची डबी असते. तिला दोन बाजूंना वाकवता येणाऱ्या पट्ट्या असतात. त्या रुळाच्या माथ्याला आवळून बसवायच्या. चाक वरून गेले की ‘ठो’ असा मोठा आवाज होतो. बस्स, तेवढेच तिचे काम. धुक्यात चालकाला सिग्नल दिसत नाही, म्हणून सिग्नलच्या २७० मीटर अलीकडे दहा मीटरच्या अंतराने अशा दोन डब्या लावतात. आवाज आला की चालकाला कळते, सिग्नल जवळ आला. रूळ तुटला किंवा दरड आली, तर ट्रॅकवरचा माणूस लाल झेंडा घेऊन येणाऱ्या गाडीच्या दिशेने पळतो, ६०० मीटरवर एक आणि १,२०० मीटरवर तीन डब्या लावतो. रेल्वेची माणसे यांना सरळ ‘फटाके’ म्हणतात.

आता बातमी कशी बनली ते बघा. रेल्वेचा माणूस ‘डेटोनेटर’ म्हणाला. पोलिसांनी तेच लिहून घेतले. पोलिसांच्या कोशात डेटोनेटर म्हणजे जिलेटिनच्या कांडीला लावतात तो. वृत्तसंस्थेच्या इंग्रजी मजकुरात शब्द तसाच राहिला आणि मराठी डेस्कवर रात्री त्याचे ‘स्फोटके’ झाले. या साखळीत खोटे कोणीच बोलले नाही. शब्द एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेला आणि वाटेत त्याचा अर्थ बदलला.

रेल्वेच्या बातम्या कितपत खऱ्या असतात, असे मला बरेच जण विचारतात. मी लहानपणापासून गाड्या बघत आलो, माझे मामा घाटात कीमन होते, म्हणजे रोज चालत जाऊन रूळ तपासणारे, त्यामुळे घरी वर्तमानपत्र वाचायची पद्धतच वेगळी होती. मामा पेन्सिल घेऊन, चुकांवर खुणा करत बसायचे. त्या पेन्सिलीमुळे मला एक गोष्ट समजली. रेल्वेच्या बातम्या मनाला येईल तशा चुकत नाहीत. त्या ठरावीक जागी चुकतात. त्या जागा एकदा ओळखीच्या झाल्या की बातमीतले काय घ्यायचे आणि काय सोडायचे, ते वाचताना आपोआप कळू लागते.

पहिली जागा म्हणजे पहिला तास. ९ जून २०२५ च्या सकाळी दिवा आणि मुंब्रा यांच्या मध्ये लोकलमधून प्रवासी खाली पडले. चौघे त्याच दिवशी गेले. पहिल्या तासाभरात बऱ्याच ठिकाणी नाव आले ते पुष्पक एक्स्प्रेसचे. प्रवासी पुष्पकमधून पडले इथपासून पुष्पकचा धक्का लागला इथपर्यंत वेगवेगळे सांगितले जात होते. नंतर स्पष्ट झाले, की वळणावर दोन लोकल एकमेकींशेजारून गेल्या, दोन्हींच्या दारांत माणसे लटकलेली होती आणि ती एकमेकांना घासली. अशा वेळी स्थानकावर ओरडा चालू असतो, कंट्रोल रूमचा फोन लागत नाही, प्रत्यक्षदर्शीने जे पाहिले ते सेकंद-दोन सेकंदांत पाहिलेले असते. त्या तासात बरोबर बातमी देणे जवळपास अशक्य असते. म्हणून अपघाताच्या पहिल्या तासात फक्त जागा आणि वेळ तेवढी खरी धरावी. गाडीचे नाव, आकडा आणि कारण दुसऱ्या दिवशी वाचावे.

आकडा तर दुसऱ्या दिवशीही पक्का नसतो. २ जून २०२३ ला ओडिशात बालासोरजवळ बहनगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्स्प्रेसचा अपघात झाला. मृतांचा आकडा आधी २८८ सांगितला गेला, मग २७५ झाला, मग पुन्हा २८८ वर आला आणि पुढे त्याच्याही वर गेला. लोक वर्तमानपत्रांवर चिडले, कोणी लपवालपवी म्हणाले. पण हे तिन्ही आकडे सरकारीच होते. काही मृतदेह दोनदा मोजले गेले होते, म्हणून आकडा खाली आला होता. इथे पेपरचे काही चुकले नाही. त्याला जसे सांगितले तसे त्याने छापले.

बालासोरच्या बाबतीत खरा घोळ कारणाचा होता. पहिल्या दिवशी ‘गाडी घसरली’, मग ‘समोरासमोर धडक’, मग ‘चालकाची चूक’, मग घातपात. समाजमाध्यमांवर तर स्टेशन मास्तरच्या धर्मापर्यंत मजल गेली आणि तेही साफ खोटे निघाले. प्रत्यक्षात कोरोमंडलला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल होता, पण सांधा, म्हणजे गाडीला दुसऱ्या रुळाकडे वळवणारी जोडणी, स्थानकातल्या बाजूच्या मार्गाकडे, लूप लाइनकडे लागलेला होता. लूप लाइनवर लोखंडाच्या खनिजाने भरलेली मालगाडी उभी. ताशी १२८ किलोमीटरने आलेली गाडी तिच्यावर जाऊन आदळली, आणि तिचे फेकले गेलेले डबे शेजारून जाणाऱ्या यशवंतपूर–हावडा गाडीच्या शेपटाला लागले. मूळ दोष फाटकाच्या दुरुस्तीत सिग्नलच्या तारा चुकीच्या जोडल्या गेल्याचा होता.

हे आपल्याला कसे कळले? रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीतून. गंमत म्हणजे हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली येत नाहीत. त्यांचा कारभार नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आहे, म्हणजे ज्याची चौकशी करायची त्याच्याच पगारावर चौकशी करणारा नसावा, असा हिशेब. बातमीत मात्र सरसकट ‘रेल्वेच्या चौकशी समितीने’ असे लिहिले जाते. आणि आयुक्तांचा अहवाल यायला काही आठवडे, कधी महिने लागतात. तोवर पहिल्या पानावर दुसरे काहीतरी असते. वाचकाच्या मनात राहते ते पहिल्या दिवशीचे कारण.

दुसरी जागा शब्दांची. इथे आम्हा रेल्वेच्या नादी लागलेल्यांची आणि पेपरवाल्यांची कायमची भांडणे. ‘बोगी’च घ्या. तांत्रिक भाषेत बोगी म्हणजे डब्याखालची चाकांची चौकट. मराठीत, हिंदीत, साऱ्या देशातच बोगी म्हणजे डबा. माझे काही मित्र ‘चार बोगी घसरल्या’ असे वाचले की संपादकांना पत्र लिहायला बसतात. मला ते पटत नाही. शंभर माणसे जो शब्द ज्या अर्थाने वापरतात तो त्याचा अर्थ. पण चौकशी अहवालात बोगीच्या चौकटीला तडा गेल्याचे असेल आणि भाषांतरात ‘डब्याला तडा’ येत असेल, तर ती चूक. कारण डब्याला तडा गेला तर कारखान्याला विचारायचे, चाकांच्या चौकटीला गेला तर देखभाल करणाऱ्या यार्डाला. जबाबदारी कोणाची तेच बदलते.

‘स्लीपर’चेही तसेच. रुळाखालचे काँक्रीटचे ओंडके म्हणजे स्लीपर आणि झोपायचा डबाही स्लीपर. ‘स्लीपरचे नुकसान’ एवढेच लिहिले असेल, तर पुढची दोन वाक्ये वाचल्याशिवाय ठरवू नये.

आणि फिशप्लेट! रुळाशी छेडछाड झाल्याची कोणतीही बातमी काढा, त्यात फिशप्लेट असणार. फिशप्लेट म्हणजे दोन रुळांची टोके जोडणारी लोखंडी पट्टी, बोल्टने आवळलेली. जुन्या काळी तेरा-तेरा मीटरचे रूळ असत आणि दर तेरा मीटरवर सांधा. चाक सांध्यावरून गेले की तो ठेका वाजायचा, आपल्या पिढीने ज्यावर गाणी म्हटली तो. आता मुख्य मार्गांवर रूळ वेल्डिंगने लांबच लांब जोडतात. सांधे कमी, म्हणून ठेकाही गेला आणि फिशप्लेटही विरळ झाल्या. आज कोणी रुळाचे काही काढून नेले, तर ती बहुधा रूळ स्लीपरला धरून ठेवणारी वाकडी क्लिप असते. पण चाळीस वर्षांपूर्वीचा शब्द पेपरच्या हाताला इतका बसला आहे की तोच उमटतो. मामा यावर खाली रेघ मारून ‘क्लिप!!’ असे दोन उद्गारचिन्हांसह लिहीत.

‘वंदे भारतचे इंजिन’ हाही एक नमुना. वंदे भारतला वेगळे इंजिनच नाही. ती आपल्या लोकलसारखी, डब्यांखालीच मोटरी असलेली गाडी. ६ ऑक्टोबर २०२२ ला गुजरातमध्ये नव्या कोऱ्या वंदे भारतला म्हशी धडकल्या आणि तिच्या नाकाचा तुकडा उडाला. ‘इंजिन फुटले’ असे लिहिले गेले, लोकांनी खिल्लीही उडवली. ते नाक फायबरचे आवरण होते. धडक बसली तर तेच तुटावे आणि पटकन बदलता यावे, म्हणूनच ते तसे केलेले. रातोरात नवे बसवून गाडी दुसऱ्या दिवशी धावली. तरी रुळांना कुंपण का नाही, हा पेपरने विचारलेला प्रश्न रास्तच होता. शब्द चुकला, प्रश्न नाही.

उलटा अनुभव ‘गार्ड’चा. जानेवारी २०२२ पासून रेल्वेने गार्डचे अधिकृत नाव ‘ट्रेन मॅनेजर’ केले. पेपर अजून गार्ड लिहितात. गार्डसुद्धा स्वतःला गार्डच म्हणतात. ही चूक मी चूक धरत नाही.

तिसरी जागा ‘थोडक्यात अनर्थ टळला’. हे वाक्य मराठी पत्रकारितेत छापखान्याच्या खिळ्यांबरोबरच आले असावे. मुंबईत दर पावसाळ्यात एखादी चित्रफीत फिरते. एकाच रुळावर दोन लोकल, एकीच्या मागे दुसरी, जेमतेम हाकेच्या अंतरावर. बातमी होते: ‘एकाच ट्रॅकवर दोन लोकल, मोठा अनर्थ टळला’. वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

उपनगरी मार्गावर स्वयंचलित सिग्नल असतात. रूळ लहान लहान तुकड्यांत विभागलेला. पुढच्या तुकड्यात गाडी असेल तर सिग्नल आपोआप लाल, ती पुढे सरकली की पिवळा, आणखी पुढे गेली की दोन पिवळे, मग हिरवा. याच व्यवस्थेमुळे गर्दीच्या वेळी तीन-चार मिनिटांना एक लोकल सोडता येते. अशा सिग्नलच्या खांबावर पांढऱ्या गोल तबकडीत काळा ‘ए’ असतो. पुढच्या वेळी प्लॅटफॉर्मच्या टोकाशी उभे असाल तर बघा. ‘ए’वाला सिग्नल लाल असेल तर मोटरमनने थांबायचे, दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटे वाट पाहायची, आणि तरीही लालच राहिला तर अगदी हळू, पुढे बघत बघत, कधीही थांबता येईल अशा बेताने गाडी पुढे न्यायची. हा नियमच आहे. सिग्नल बिघडला तर सगळी मुंबई जागच्या जागी अडकू नये म्हणून केलेला. तेव्हा एकीमागे एक रांगेत उभ्या लोकल म्हणजे व्यवस्था कोलमडल्याचा पुरावा नव्हे, बऱ्याचदा ती चालू असल्याचा असतो. आणि ‘मोटरमनने लाल सिग्नल तोडला’ हे वाक्य वाचले तर आधी विचारायचे, कोणता लाल? ‘ए’चा, की स्थानकाच्या तोंडाशी असतो तो, जो परवानगीशिवाय कधीच ओलांडायचा नसतो? दुसरा ओलांडला तर खरोखरच नोकरी जाण्याजोगी गोष्ट आहे.

थंडीत ‘रुळाला तडा’ची बातमी येते, तिचेही असेच. पोलाद गार पडले की आखडते. लांबच लांब जोडलेल्या रुळाला आखडायला जागा नसते, मग तो ताणला जातो आणि पहाटे, तापमान सर्वात खाली असताना, बहुधा वेल्डिंगच्या जागी चिरतो. बऱ्याच मार्गांवर रुळातूनच सिग्नलचा बारीक प्रवाह फिरत असतो. रूळ पूर्ण तुटला की प्रवाह तुटतो आणि सिग्नल लाल होतो. बाकीचे काम कीमनचे.

मामांबरोबर मी एकदा सकाळी पाच वाजता चालत गेलो होतो. एका खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, दुसऱ्यावर पाना, पिशवीत लाल-हिरवे झेंडे आणि वर सांगितले ते फटाके. ते रुळाकडे फारसे बघतही नव्हते. जाता जाता रूळ धरून ठेवणारी जी चावी सैल दिसेल तिच्यावर हातोडा घालत आणि आवाज ऐकत. एके ठिकाणी थांबले, वाकले, रुळावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘‘हे बघ.’’ मला काही दिसेना. मग त्यांनी अंगठ्याची रेघ दाखवली. केसाएवढी काळी ओळ होती. पुढे तासाभरात तिथे दोन्ही बाजूंनी पट्ट्या आवळल्या गेल्या. मधे फुगवटा असलेल्या, वेल्डिंगच्या गाठीला जागा देणाऱ्या. आणि गाड्या ताशी वीसच्या वेगाने त्यावरून जाऊ लागल्या. दुसऱ्या दिवशी एका पेपरात चौकटीत बातमी आली. मोटरमनच्या प्रसंगावधानामुळे अनर्थ टळल्याची. मामांनी पेन्सिल उचललीच नाही. त्या दिवशी ते पेपर घडी घालून बाजूला ठेवून आंघोळीला गेले.

आता यात वार्ताहराचा दोष किती? तालुक्याचा वार्ताहर एकाच दिवशी बाजार समिती, अपघात, कीर्तन महोत्सव आणि रेल्वे करतो. रुळावर काम करणाऱ्याला पत्रकाराशी बोलायची मुभा नसते, बोलायचे ते जनसंपर्क अधिकाऱ्याने. म्हणजे ज्याला ठाऊक आहे तो गप्प, आणि जो बोलतो तो जागेवर नव्हता. मधली फट ‘सूत्रां’नी भरते, नाहीतर सवयीच्या वाक्यांनी. मोठ्या शहरांतले काही रेल्वे बीटचे पत्रकार मात्र इतके मुरलेले असतात, की मेगाब्लॉकची बातमी ते रेल्वेच्या पत्रकापेक्षा स्वच्छ लिहितात. रद्द गाड्या, मार्ग बदललेल्या गाड्या, ‘अंशतः रद्द’ म्हणजे नक्की कुठून कुठपर्यंत: या बाबतीत मराठी पेपर फार कमी वेळा चुकतात. या बातम्यांना कोणी शाबासकी देत नाही.

आकड्यांकडे वळू. ‘ताशी १८० किलोमीटर वेगाने धावणारी वंदे भारत’ हे तुम्ही शंभरदा वाचले असेल. गाडी त्या वेगासाठी बनवलेली आहे आणि चाचणीत तो तिने गाठलाही आहे. पण धावायची परवानगी मार्ग देईल तेवढीच. मुंबई–सोलापूर वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली. साधारण ४५५ किलोमीटरला तिला साडेसहा तास लागत होते. भागाकार करा: ताशी सत्तर. यात भोर घाट आहे, ३७ फुटांना एक फूट असा चढ. गाडी तो मागून ढकलणारी बँकर इंजिने न लावता चढते, हे खरोखर कौतुकाचे आहे, आणि पेपरांनी ते छापलेही. पण मथळा १८० चाच. वेगाची बातमी वाचताना वेळापत्रक उघडावे, अंतर भागिले वेळ करावे. तिसरीतले गणित आहे.

‘मंजूर’ या शब्दाचा महिमा त्याहून मोठा. नव्या मार्गाचे आधी सर्वेक्षण मंजूर होते, मग अंतिम सर्वेक्षण, मग प्रकल्प अहवाल, मग मार्ग, मग दरवर्षीचा निधी, मग भूसंपादन. प्रत्येक पायरीवर मथळा एकच: ‘रेल्वे मार्गाला मंजुरी’. खासदारांचे फलक लागतात, पेढे वाटले जातात. नगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. नगरहून आष्टीपर्यंत गाडी आली ती २३ सप्टेंबर २०२२ ला, आणि बीड शहरात पहिली गाडी १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिदिनी. तीस वर्षे. या तीस वर्षांतल्या ‘बीडच्या रेल्वेला गती’ अशा बातम्यांची कात्रणे कोणी ठेवली असती तर मोठी वही भरली असती. त्यांतली प्रत्येक बातमी त्या त्या दिवशी खरीच होती. रुपये मंजूर झालेच होते. फक्त कोणत्या पायरीचे, ते लिहिलेले नसे. मराठवाड्यातल्या वाचकाला मात्र त्यातून वाटायचे, की गाडी आता दारातच आली.

विशेषणांचेही बघायला हवे. ‘माथेरानची जागतिक वारसा असलेली टॉय ट्रेन’ असे पर्यटनाच्या पुरवण्यांत सर्रास येते. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने उभारलेली नेरळ–माथेरान रेल्वे १९०७ पासूनची, दोन फुटी गेजची, म्हणजे दोन रुळांत दोन फुटांचे अंतर. तिचे मोल कोणी नाकारत नाही. पण युनेस्कोच्या यादीत भारताच्या पर्वतीय रेल्वे तीनच: दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका–शिमला. माथेरान अजून संभाव्य यादीत आहे.

१६ एप्रिलला दरवर्षी ‘भारतातली पहिली रेल्वे’ धावते. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे धावली ती पहिली प्रवासी गाडी. मद्रासजवळ रेड हिल्सला दगड वाहणारी रेल्वे १८३७ चीच. आणि त्या गाडीच्या बातमीशेजारी हमखास आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा फोटो असतो. ही इमारत १८८० च्या दशकात पूर्ण झाली. पहिली गाडी सुटली तेव्हा तिथे साधे लाकडी स्थानक होते.

विदर्भाची शकुंतला मात्र मला सर्वात रंजक वाटते. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही अडीच फुटी नॅरोगेज. ‘अजूनही इंग्रजांच्या मालकीची रेल्वे, दरवर्षी लंडनला जाते रॉयल्टी’ ही बातमी दर दोन-तीन वर्षांनी नव्याने येते, आणि आता समाजमाध्यमांवरही फिरते. मालकी खासगी कंपनीची होती, हे खरे. ती कंपनी किलिक निक्सनच्या छत्राखालची. किलिक निक्सन ही १८५७ मध्ये मुंबईत इंग्रजांनी काढलेली पेढी, पण स्वातंत्र्यानंतर ती भारतीय हातांत गेली. म्हणजे सरकार पैसे देत होते ते राणीला नव्हे, मुंबईतल्या एका कंपनीला. पण ‘मुंबईच्या कंपनीचे भाडे थकले’ या मथळ्याला कोण विचारणार? कापूस, इंग्रज आणि गुलामी आली की बातमी आपोआप उभी राहते. ही चूक अज्ञानातून होत नाही. गोष्ट गोड असते म्हणून ती टिकते.

राहिले आम्ही, रेल्वेचे नादिष्ट. आमच्याबद्दलच्या बातम्या दोनच साच्यांत येतात. एक, ‘रेल्वेवेडा’: घरात गाड्यांची मॉडेल, भिंतीवर वेळापत्रके, बायकोची गोड तक्रार आणि शेवटी विक्रमाचे प्रमाणपत्र. पुण्यात कोथरूडला जोशींचे मिनिएचर रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. सिग्नल, घाट, रोपवे, सगळे चालते. त्यावर लिहिताना ‘खेळण्यातली रेल्वे’ हा शब्द आलाच पाहिजे, असा जणू नियम आहे. मॉडेल आणि खेळणे यांत फरक प्रमाणाचा. मॉडेलमध्ये दाराच्या मुठीपर्यंत सगळे एकाच पटीने लहान केलेले असते, खेळण्यात नसते. दुसरा साचा उलट टोकाचा. रुळावर रील करताना पोरगा गेला की बातमीत ‘रेल्वे व्हिडिओंचा छंद’ येतो. आमच्या नादात रुळावर पाय न ठेवणे ही पहिली शिस्त. रुळावर जाणे रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जो जातो तो आमच्यातला नव्हे, असे आम्ही म्हणतो. खरे तर काही आमच्यातलेही असतात.

या नादातले कामाचे मात्र बातमीत येत नाही. भारतीय रेल्वेच्या नादिष्टांची मंडळी १९८९ पासून एकमेकांना ई-मेल लिहीत, कोणते इंजिन कोणत्या शेडचे, कोणती गाडी कोणत्या लिंकवर, म्हणजे ठरलेल्या इंजिनाच्या फेरीवर, हे नोंदवत आली. इंजिनावरची अक्षरे वाचता येणे हा त्याचा श्रीगणेशा: ‘डब्ल्यूएपी-७’मध्ये डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी वीज, पी म्हणजे प्रवासी गाडीसाठी, आणि सात हा नमुन्याचा क्रमांक. एखादे इंजिन नेहमीच्या गाडीऐवजी दुसऱ्याच गाडीला लागले तर ते ‘ऑफलिंक’, आणि त्या दिवशी आमच्याकडे सण. रेल्वेनेच फेकून दिलेल्या माहितीचे तुकडे अशा वह्यांत सापडतात.

पण आमचीही खोड आहे. मुंब्र्याच्या त्या सकाळी आमच्या गटात तासभर वाद चालला होता, की पेपरने टाकलेला लोकलचा फोटो चुकीच्या रेकचा, म्हणजे डब्यांच्या दुसऱ्याच संचाचा आहे. तो चुकीचाच होता. त्याच तासात एक पत्रकार मुलगी कळव्याच्या रुग्णालयाच्या दारात उभी राहून, सकाळच्या वेळेला त्या मार्गावर दोन गाड्यांमध्ये किती अंतर असते आणि दारात का लटकावे लागते, हे प्रवाशांना विचारत होती. तिच्या बातमीत ‘बोगी’ होते, ‘अप’ आणि ‘डाउन’ची उलटापालट होती. मामांच्या पेन्सिलीला तिथे चार जागी काम मिळाले असते.

ते कात्रण मी ठेवले आहे. मामांच्या त्या तड्याच्या बातमीच्या कात्रणाशेजारी, त्याच वहीत.